बॉनेटखालचा फ्रेंच

करोल बागेत जुन्या गाड्यांचा सौदा करायला बसलात आणि ‘रेनॉ’ किंवा ‘सित्रोएन’ असं नाव निघालं, की समोरच्याचा आकडा लगेच खाली घसरतो. फ्रेंच गाडी म्हणजे नाजूक, पार्ट मिळत नाहीत, पुढे विकली जात नाही, हे दिल्लीच्या बाजारात पाठच झालं आहे. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. याच बाजाराने ‘डोळे मिटून घ्या’ म्हणत विकलेल्या कितीतरी गाड्यांचं इंजिन फ्रेंच होतं, आणि गिऱ्हाइकाच्या ते गावीही नव्हतं.

सुरुवात गुरगावपासूनच करू. भारतीय माणसाने ‘भरवशाची गाडी’ हे शब्द जिच्या नावाशी जोडले, ती मारुती तिथलीच. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मारुती उद्योगाला परदेशी भागीदार हवा होता, तेव्हा रेनॉशीही बोलणी झाली होती. करार झाला तो सुझुकीशी, ऑक्टोबर १९८२ मध्ये, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. फ्रेंचांचा दरवाजा बंद झाला म्हणावं, तर पंधराएक वर्षांनी ते खिडकीतून आत आले. मारुतीला झेन आणि एस्टीममध्ये डिझेल इंजिन घालायचं होतं आणि स्वतःकडे ते नव्हतं. तिने प्यूजोचं १,५२७ सीसीचं टीयूडी५ हे इंजिन घेतलं.

हेच इंजिन त्याआधी आपल्या कल्याणमध्ये बनणाऱ्या प्यूजो ३०९ मध्ये होतं. प्रीमियर आणि प्यूजो यांची ती भागीदारी. गाडी चालवायला फार छान होती, असं तिचे जुने मालक आजही सांगतात. पण कारखान्यात कामगारांचा तंटा पेटला, प्रीमियरने दुसरीकडे कुर्ल्यात फियाटबरोबर उनोचा संसार थाटला, आणि १९९७ च्या सुमारास प्यूजोने गाशा गुंडाळला. मागे राहिले ते सुट्या भागांसाठी वणवण करणारे मालक. ‘फ्रेंच गाडी नको रे बाबा’ ही म्हण निदान आपल्याकडे बरीचशी तिथे जन्माला आली असावी, असा माझा कयास आहे. इंजिनाचा त्यात काडीचा दोष नव्हता. तेच इंजिन मारुतीचं बोधचिन्ह लावून आलं, तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही.

महिंद्राची गोष्ट तर याहून जुनी. १९७९ मध्ये महिंद्राने प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नाव क्लिष्ट वाटतं, पण उलगडा सोपा आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर धरली की आकारमान बरोबर २,११२ सीसी येतं. एमएम ५४० सारख्या जिपा या इंजिनावर धावल्या. पुढे त्याच घराण्याचं अडीच लिटरचं इंजिन सुरुवातीच्या काही बोलेरोंमध्येही गेलं. घाटात, चिखलात, ऊसतोडीच्या रस्त्यांवर जे वाहन ‘दणकट देशी’ म्हणून मिरवलं, त्याचा धडधडता आवाज फ्रान्सचा होता.

आणि गंमत म्हणजे आफ्रिकेत या घराण्याला कुणी नाजूक म्हणत नाही. प्यूजो ५०४ च्या डिझेल आवृत्तीत हेच २,११२ सीसीचं इंजिन होतं. ५०४ नायजेरियात कडुनाच्या कारखान्यात जोडली जाई, आणि पश्चिम आफ्रिकेत आठ-नऊ माणसं कोंबून वर टपावर बोजे लादून ती वर्षानुवर्षं पळाली. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली म्हणजे गाड्यांचा कर्दनकाळ. ती ५०४ ने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये जिंकली. दुसरीकडे अमेरिकेत प्यूजोचं बस्तान काही बसेना, आणि १९९१ मध्ये तिने तो देश सोडला. कंपनी एकच, आणि एका खंडात दंतकथा तर दुसऱ्यात नाचक्की!

तेव्हा भरवसा नक्की कशात असतो? माझ्या मते त्यातला बराच मोठा हिस्सा गाडीच्या बाहेर असतो. मालक बिघाड मोजत नाही, गाडी उभी राहिली ते दिवस मोजतो. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात मारुतीचा पाण्याचा पंप मागा; दुकानदार फळीकडे न बघताच विचारतो, कंपनीचा देऊ, दुसऱ्या मेकचा देऊ की लोकल? तीन किमती, तीन डबे, आणि गाडी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर. विरळ खपाच्या गाडीचा तोच भाग ‘मागवावा लागेल’. दोन्ही पंप सारख्याच वेळा निकामी झाले, तरी एक गाडी ‘टिकाऊ’ ठरते आणि दुसरी ‘कटकटीची’. मारुतीची सेवा केंद्रं देशभरात पाच हजारांच्या वर आहेत. सित्रोएनने २०२१ मध्ये इथे दुकान मांडलं ते दहा शहरांत, त्यात दिल्ली आणि गुरगाव धरून.

अर्थात फ्रेंच अभियंतेही काही कमी हट्टी नाहीत. सित्रोएनची डीएस ही गाडी १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवली गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या आसपास मागण्या आल्या. तिला नेहमीच्या स्प्रिंगा नव्हत्याच. चाकांवर नायट्रोजन भरलेले पोलादी गोळे, आणि दाबाखालच्या तेलाने सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, गिअर सगळंच चालायचं. आधीचं तेल लाल, हवेतला ओलावा शोषून आतून गंज धरवणारं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं खनिज तेल आलं. लाल तेलाच्या गाडीत हिरवं ओतलं किंवा हिरव्याच्या गाडीत लाल, तर सगळे रबरी सील खलास. ज्या मेकॅनिकला हे ठाऊक, त्याच्या हातची डीएस राजेशाही. ज्याला नाही, त्याच्या हातची कायमची गळकी. गाव मोठं असो की लहान, दुसऱ्या प्रकारचे मेकॅनिकच जास्त असणार!

अलीकडचं पाप मात्र मेकॅनिकच्या माथी मारता येणार नाही. प्यूजो-सित्रोएनच्या युरोपातल्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात टायमिंगचा पट्टा इंजिनाच्या तेलातच फिरत असे, घर्षण कमी व्हावं म्हणून. तेलात हळूहळू पेट्रोल मिसळतं, आणि पट्टा चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखा विरघळू लागतो. त्याचे कण तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात, तेलाचा दाब पडतो, आणि इंजिन जीव सोडतं. कल्पना हुशार होती, पण तिची किंमत मालकांनी मोजली. शेवटी कंपनीला दहा वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वॉरंटी वाढवून द्यावी लागली.

याउलट रेनॉचं १.५ लिटर के९के डिझेल बघा. नाशिकला बनलेली लोगान, तिचीच पुढे झालेली महिंद्रा व्हेरिटो, निसानची सनी, टेरानो, आणि २०१२ मध्ये आलेली रेनॉचीच डस्टर, या सगळ्यांत ते होतं. युरोपात तर सुझुकीच्या जिम्नीत आणि मर्सिडीजच्या ए-क्लासमध्येही. तिथे तेल बदलायचं अंतर फार लांब ठेवल्याने सुरुवातीच्या काही इंजिनांची बेअरिंगं झिजली, हा त्याच्यावरचा खरा डाग. आपल्याकडे डस्टरचं तेल दहा हजार किलोमीटरला बदललं जातं.

म्हणजे दिल्लीत फ्रेंच यंत्राची दीर्घ परीक्षा घ्यायला यासारखं इंजिन नव्हतं. पण दिल्लीने पेपरच मध्येच काढून घेतला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. इंजिन ठणठणीत असलं तरी गाडी कागदावर मेलेली. कुणी भंगारात घातली, कुणी ना-हरकत दाखला काढून दुसऱ्या राज्यात धाडली. दहाव्या वर्षी सगळेच बाद होत असतील, तर पंधराव्या वर्षी कोण टिकतं हे कळणार कसं? जपानी, कोरियन, फ्रेंच, सगळे एकाच रांगेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई थांबवली, आणि डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. आता बघा: दिल्लीत बीएस-४ लागू झालं एप्रिल २०१० मध्ये. मारुतीचं नाव लावून फिरलेली फ्रेंच काळजाची झेन डिझेल त्याआधीची, म्हणजे ती गेली. पण इथे विकलेली पहिलीवहिली डस्टरसुद्धा, स्वतःच्या फ्रेंच नावासकट, त्या रेषेच्या अलीकडे उभी आहे. तिचा पेपर पुन्हा सुरू झालाय. पंधरा वर्षं भरतील ती २०२७ मध्ये, आणि तोपर्यंत तिचे इंजेक्टर काश्मिरी गेटला फळीवर मिळतात की मागवावे लागतात, यावर बराच निकाल अवलंबून राहील.