पिकअपची नवी आस

दिवाळी सरली की राजुरा तालुक्यात कापूस घरात मावेनासा होतो. धुऱ्यावर पिकअप येऊन उभी राहते आणि बघता बघता फाळक्यांच्या वर माणूसभर उंच कापूस चढतो. दोरखंडांनी आवळलेली ती गाडी डुलत डुलत जिनिंगकडे निघाली की पाहणाऱ्याला वाटतं, केवढा हा भार! तीच गाडी आठवड्याने सिमेंट भरते. 50 किलोच्या तीस गोण्या हौद्याच्या तळाशी दोन थरांत बसून जातात, वरचा हौदा मोकळाच दिसतो. पण तीस गोण्या म्हणजे दीड टन. डोळ्याला हलका वाटणारा हा माल मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, सपाट करून टाकतो. भाराची खरी मोजणी डोळा करत नाही, मागचा अ‍ॅक्सल करतो.

राजुऱ्याचा परिसरच भाराचा. वर्धा नदीच्या अलीकडे सास्ती, पवनी, धोपटाळ्याच्या कोळसा खाणी, पलीकडे बल्लारपूरची कागद गिरणी. गडचांदूर, उपरवाही, आवारपूर या बाजूला चुनखडीच्या जोरावर उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने. मोठा माल रेल्वे आणि मोठे ट्रक नेतात. पण खत, बियाणं, सोयाबीन, सळाखी, आठवडी बाजाराचा भाजीपाला हे सगळं पिकअपवर येतं. माणिकगडच्या डोंगरातून जिवतीकडे चढताना, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांवर, ही गाडी रोज कसाला लागते. म्हणून पाटा तुटला, बेअरिंग बसलं, शाफ्ट गेला, अशा दुरुस्तीला आलेल्या मालकाच्या मनात एक विचार हमखास येतो: हा अ‍ॅक्सल काढून मोठ्या गाडीचा टाकला तर?

हा विचार समजून घ्यायचा तर आधी त्या भागाची ओळख हवी. बैलबंडीला जशी आस, तसा गाडीला अ‍ॅक्सल. फरक इतकाच की बंडीची आस फक्त भार पेलते, पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलला भार पेलून चाकंही फिरवावी लागतात. मधल्या फुगीर गोळ्यात क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून लांबीच्या दिशेने आलेली फिरकी ते काटकोनात वळवतात आणि तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. त्यातच डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ती सवड तेच देतं. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने 1828 च्या सुमाराला वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती योजली. आज डोंगरातल्या प्रत्येक वळणावर पिकअप तीच वापरते.

गोळ्याच्या दोन्ही अंगांनी चाकांकडे जाणाऱ्या नळ्यांत एकेक शाफ्ट असतो, आणि इथे दोन जाती होतात. सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसतं. त्यामुळे शाफ्टला पीळही सोसावा लागतो आणि गाडीचं वजनही. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निसटू शकतं. फुल-फ्लोटिंगमध्ये चाकाचा हब नळीच्या टोकावर दोन बेअरिंगांवर फिरतो. वजन नळी पेलते, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम उरतं. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं आणि जॅक न लावता, हबच्या मधले बोल्ट खोलून शाफ्ट बाहेर ओढता येतो. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मध्यातून पुढे आलेला, बोल्टांची गोल माळ असलेला हब पाहिलात, की ओळखा, हा फुल-फ्लोटिंग.

आपल्याकडच्या पिकअपच्या घराण्यातही या दोन जाती नांदल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप कागदोपत्री पाव टनाची, पण तिचा मागचा अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग होता. युद्धानंतर नागरी जीप आली, तिच्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सल आला. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रने याच जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे त्या परंपरेतून भारवाहू गाड्या घडत गेल्या. टाटाची 407 आली 1986 मध्ये, छोटा हत्ती 2005 मध्ये. पाऊण टनापासून काही टनांपर्यंत, प्रत्येक पायरीला वेगळी आस.

जाड शाफ्टचं आकर्षण खरं आहे आणि त्याला गणिताचा आधारही आहे. भरीव गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. 30 मिलिमीटरचा शाफ्ट 36 चा केला, म्हणजे फक्त एक पंचमांश जाड केला, तर त्याच पोलादात ताकद सुमारे 73 टक्क्यांनी वाढते. पण एवढ्याने काम भागत नाही, इथून पुढे खरी कारागिरी लागते. हबपासून हबपर्यंतची रुंदी जुळायला हवी, नाहीतर टायर फेंडरला घासतं. पाट्यांची बैठक नव्या नळीवर योग्य अंतरावर आणि योग्य कोनात यायला हवी. पिनियनचं तोंड थोडं वर-खाली झालं की प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे कोन विसंगत होतात, गाडी थरथरते आणि क्रॉस झिजतात. बैठक वेल्ड करताना एकाच जागी उष्णता साठली तर नळी वाकते. डोळ्याला न दिसणारा तो बाक बेअरिंग आणि सील खाऊन टाकतो. म्हणून जाणकार मिस्त्री टाका घालतो, थांबतो, दुसऱ्या बाजूला जातो, पुन्हा मोजतो. त्याचा अर्धा दिवस मोजण्यात जातो आणि तोच वेळ सर्वांत मोलाचा असतो.

मग येतो दातांचा हिशोब. क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10, तर प्रमाण 4.1. पिनियन 8 दातांचा असेल तर 5.125, म्हणजे बरोबर सव्वापट. जिवतीच्या चढावर गाडी सव्वापट जोराने ओढेल, पण टायर तेच असतील तर सपाट रस्त्यावर 60 च्या वेगाला इंजिन पूर्वी 75 च्या वेगाला फिरायचं तितकं फिरेल. डिझेल जास्त जाईल. मीटरची तार गिअरबॉक्समधून येत असेल तर काटाही चुकीचा वेग दाखवेल.

एवढं सगळं नीट बसवलं, तरी भार थांबत नाही, तो पुढच्या दुव्याकडे सरकतो. काल शाफ्ट तुटत होता, आता चेसीला तडा जाईल, क्लच जळेल, टायर फुटेल. सर्वांत काळजीची गोष्ट ब्रेकची. वजन दीडपट झालं की त्याच वेगात गाडी थांबवताना दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. मागे मोठे ड्रम आले तरी पुढचे ब्रेक, मास्टर सिलिंडर आणि पाइप जुन्याच गाडीचे असतात. घाट उतरताना हा फरक जिवावर बेततो. आणि रिकाम्या गाडीला तोच जड अ‍ॅक्सल खड्ड्यांवर आपटत नेतो.

कायदाही याच साखळीकडे पाहतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेली आणि आरसी बुकात नोंदलेली मूळ वैशिष्ट्यं मालकाला आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. जाड अ‍ॅक्सल टाकला म्हणून गाडीचं पासिंग, म्हणजे नोंदलेली भारक्षमता, वाढत नाही. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. जुलै 2018 मध्ये केंद्राने ट्रकच्या अ‍ॅक्सलवरचा भार वाढवून दिला, चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला 10.2 ऐवजी 11.5 टन. पण तोही अ‍ॅक्सलनिहाय, मोजून मापून.

त्यामागे रस्त्याचंही गणित आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असं तिच्यातून दिसलं. भार दुप्पट, तर झीज सोळापट. आपला रस्ता आपणच असा खाल्ला की पुढच्या हंगामात तोच रस्ता आपले पाटे खातो.

म्हणून अ‍ॅक्सल जाड करण्याची हौस मला गाडीवरच्या मायेची खूण वाटते, पण ती माया पूर्ण साखळीवर हवी. जिथे रोजचंच ओझं दोन टनांचं आहे, तिथे दोन टन पासिंगची गाडी घ्यावी. जिथे जुनी गाडी टिकवायची आहे, तिथे तिच्याच मापाचा चांगला अ‍ॅक्सल, नवी बेअरिंगं, वेळेवर गिअर ऑइल आणि घट्ट यू-बोल्ट हवेत.

सिमेंट भरून झाल्यावर जुना चालक गाडीत बसण्याआधी मागे जाऊन वाकतो आणि अ‍ॅक्सल व वरचं धक्का झेलणारं रबर यांच्यामधल्या फटीत बोटं घालून पाहतो. चार बोटं जागा असली तर निघतो. दोनच उरली तर दोन गोण्या उतरवायला सांगतो.