९९९९ खेळ, की मोजकेच?

लहानपणी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेला ब्रिक गेम आठवतो? वर लिहिलेलं ‘९९९९ इन १’, पडदा १० × २० चौकोनांचा. कार रेसमध्ये आपली गाडी फक्त डावी-उजवीकडे सरकते. समोरच्या गाड्या खाली येतात. वेग नि लेव्हल बदलली की ‘नवा’ खेळ! खरे खेळ मोजकेच.

मीही एकाच मॉडेलचे ४० रन ‘४० पुरावे’ म्हणून गाइडना दाखवले. मॅडम म्हणाल्या, “मॉडेल किती?” एकच. त्यातलं एक गृहीतक चुकलेलं, म्हणजे चाळीसही रन चुकले. अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं.

म्हणून मित्रांनो, सिनॉप्सिस लिहिताना सेटिंग्ज मोजू नका. निष्कर्ष किती वेगवेगळ्या मार्गांनी तपासलाय, ते मोजा.