‘प्युअर’ आणि ‘प्युरिफाइड’

काही वर्षांपूर्वी आमच्या औषधनिर्माणशाळेत वत्सनाभाचे एक पोते आले. त्यावर इंग्रजीत ‘प्युअर’ असे छापलेले होते. नव्या साहाय्यकाने त्याचा अर्थ ‘शुद्ध’ असा घेतला आणि ते द्रव्य त्रिभुवनकीर्तीच्या घाण्यासाठी थेट खलाकडे नेले. नोंदवहीतील शोधनाचा रकाना कोरा दिसला, म्हणून आम्ही मर्दन थांबविले.

साहाय्यकाचे इंग्रजी चुकले नव्हते. ‘प्युअर’ म्हणजे भेसळ नसलेले, आणि त्या मुळ्या खरोखरच निर्भेळ होत्या. परंतु निर्भेळ वत्सनाभ हे निर्भेळ विषच होय! ‘प्युरिफाइड’ म्हटले की द्रव्यावर काही क्रिया झाली आहे, असे गृहीत असते. आपल्या ‘शुद्ध’ या शब्दात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. शुद्ध तूप हे पहिल्या अर्थाने, शुद्ध गुग्गुळ हा दुसऱ्या.

तथापि ‘प्युरिफाइड’ने तरी शोधनाचा अर्थ पुरता व्यक्त होतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. वत्सनाभाचे तुकडे तीन दिवस, रोज बदललेल्या गोमूत्रात ठेवून वाळवितात, किंवा दोलायंत्रात गोदुग्धाने स्वेदन करतात. यात केवळ मळ निघत नाही. स्वेदनाने अ‍ॅकोनिटिनचे विघटन होऊन बेंझॉइलअ‍ॅकोनिन, अ‍ॅकोनिन अशी पुष्कळ सौम्य द्रव्ये बनतात. काही विषांश द्रवातही उतरतो. कुचल्याच्या बिया दुधात शिजवून तुपात परतल्या, तर काटेकोर रसायनज्ञ त्यांस पूर्वीपेक्षा अशुद्धच म्हणेल. चरकसंहितेत संस्काराला गुणांतराधान म्हटले आहे, ते येथे नेमके लागू पडते. उलटपक्षी, प्रयोगशाळेच्या प्रतीचा गंधक कितीही ‘प्युअर’ असला, तरी तुपात वितळवून दुधात गाळल्यावाचून आम्ही तो पोटात देत नाही.

वत्सनाभ, कुचला, भल्लातक ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांवर, वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा इंग्रजी व हिंदीत छापावा लागतो. शोधन केले म्हणून तो गाळता येत नाही.

त्या प्रसंगापासून आमच्या कोठीत अशा द्रव्यांच्या डब्यांवर ‘शुद्ध’ हा शब्द लिहिणे आम्ही सोडले आहे. ‘अशोधित’ असलेल्यास लाल चिठ्ठी; ‘शोधित’ असलेल्यावर शोधनाचे माध्यम, तारीख व करणाऱ्याची सही. फार्मसीचालक बंधूंनी मागणीपत्रातही हेच शब्द वापरावेत. त्या पोत्यातील मुळ्या दुसऱ्याच दिवशी गोमूत्रात पडल्या आणि घाणा पाच दिवस लांबला.