शत्रूही आपल्यासोबत वाढला, तर ताकद कमावून काय उपयोग?

फँटसी आरपीजी खेळणाऱ्या प्रत्येकाने ‘लेव्हल स्केलिंग’ समजून घ्यावं. तुमची लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते, ती ही पद्धत. तीन गेममधून बघू.

🗡️ ऑब्लिव्हियन (२००६): जवळपास सगळं जग खेळाडूच्या लेव्हलनुसार बदलतं. सुरुवातीला फर आणि चामड्याच्या चिलखतात भेटणारे वाटमारे पुढे महागड्या काचेच्या चिलखतात उभे राहतात! कुठल्याही दिशेने भटकता येतं, हा मोठा फायदा. पण लढाईत न लागणारी कौशल्यं वाढवून लेव्हल चढली, तर शत्रू बळकट होतात आणि आपण मागे पडतो.

🗡️ स्कायरिम (२०११): त्याच मालिकेतली सुधारणा. अनेक ठिकाणांना किमान आणि कमाल लेव्हल ठरवून दिली, त्यामुळे काही जागा सोप्या राहतात, काही सुरुवातीला जीवघेण्या.

🗡️ एल्डन रिंग (२०२२): सोपं-अवघड निवडायची सोयच नाही. सुरुवातीच्या मैदानातच घोडेस्वार ट्री सेंटिनेल आडवा येतो. मात्र त्याला वळसा घालून जाता येतं. दुसरीकडे फिरा, लेव्हल वाढवा, स्वतःचा घोडा मिळवा आणि परत या. तो होता तेवढाच असतो, वाढलेले असता तुम्ही!

माझ्या मते हाच खरा समतोल. शत्रूचं हेल्थ नुसतं फुगवलं की लढाई लांबते, रंगत नाही. हरल्यावर चूक कळावी आणि दुसरी वाट खुली असावी.

तुम्हाला कोणत्या गेमचा समतोल आवडला? कमेंटमध्ये नक्की लिहा.