गेटचार, गमती फार!

सी लँग्वेजमध्ये कीबोर्डवरून किंवा फाइलमधून एकेक कॅरॅक्टर उचलून आणणारं फंक्शन म्हणजे गेटचार. कंसात काही द्यायचं नाही, फक्त मागायचं. काम इतकुसं, पण त्याच्या पोटात केवढे किस्से दडलेत, माहीत आहे का? चला तर, एंटर मारा!

पहिलाच धक्का घ्या. गेटचार कॅर परत देतच नाही, देतं इंट! का? एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या किमती मावतात आणि फाइलमध्ये त्यातली कुठलीही सापडू शकते. मग 'माल संपला' हे सांगायला २५७ वी खूण हवीच ना! ती खूण म्हणजे ईओएफ. सीच्या स्टँडर्डची अट एवढीच, की ती ऋण हवी. जवळपास सगळीकडे ती उणे १ असते.

आता समजा, कुणी घाईघाईत ते उत्तर कॅर व्हेरिएबलमध्ये ठेवलं. इंटेलच्या पीसीवर कॅर बहुतेक वेळा साइन्ड असतो. तिथे २५५ हा बाइट आला की तो उणे १ दिसतो आणि फाइल मध्येच 'संपते'. एआरएमवरच्या लिनक्समध्ये कॅर अनसाइन्ड. तिथे उणे १ कधी जुळतच नाही, लूप आपलं गरगरत राहतं. चूक एकच, एका मशीनवर अर्धवट, दुसऱ्यावर अखंड!

आणि जेपेग फोटोचा पहिलावहिला बाइट कुठला, माहीत आहे का? २५५! म्हणजे इंटेलवर असला प्रोग्राम फोटो कॉपी करायला बसला, तर पहिल्या घासालाच ताट बाजूला सारतो. कॉपी झालेली फाइल शून्य बाइटची!

त्याहून भन्नाट: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० चिप्सवर कॅर १६ बिटांचा आणि इंटही १६ बिटांचाच. जादा खुणेसाठी जी मोकळी जागा आपण धरून चालतो, तीच गायब!

आता खास आपल्यासाठी. 'म' हे एक अक्षर वाचायला गेटचारला किती वेळा हाक मारावी लागते? तीनदा! यूटीएफ-८ मध्ये 'म' येतो तीन बाइटांत: २२४, १६४, १७४. मग 'मराठी'? म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी, असे पाच तुकडे. पाच त्रिक पंधरा! 'क्ष' तर डोळ्यांना एकच अक्षर, पण आत क, हलन्त आणि ष असे तिघे बसलेले, म्हणजे नऊ बाइट. एसटीआरलेनला 'मराठी'ची लांबी विचारा, ते छातीठोकपणे १५ सांगेल. त्याचं काही चुकत नाही, ते बाइट मोजतं, अक्षरं नाही. अशा अक्षरांसाठी स्टँडर्डच्या १९९५ च्या दुरुस्तीत गेटडब्ल्यूचार आलं. त्यालाही काना आणि वेलांटी वेगळेच दिसतात, पण 'म' तरी अख्खा मिळतो.

गंमत म्हणजे यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधीच येत नाही. त्यामुळे मघाची ती कॅरवाली चूक इंटेलवर मराठी मजकूर वाचताना सापडत नाही. लपून बसते बेटी!

कर्निगन आणि रिची यांच्या सीवरच्या १९७८ च्या पुस्तकातलं गेटचारने वाचायचं लूप जगभर पाठ आहे. त्यातले आतले कंस गाळून बघा. 'ईओएफबरोबर नाही ना?' ही तुलना आधी होते, असाइनमेंट नंतर. परिणाम? व्हेरिएबलमध्ये कॅरॅक्टरऐवजी फक्त १ किंवा ०. दोन कंसांची किंमत कळली?

गेटचार एंटरची वाट का बघतं? बघत नाही, टर्मिनल बघायला लावतं! अख्खी ओळ पुरी होईपर्यंत ते ती स्वतःकडे ठेवतं, म्हणून तर बॅकस्पेस चालतो. लिनक्सवर अशा एका ओळीची मर्यादा ४०९६ बाइट.

बरं, कंट्रोल-डी दाबल्यावर ईओएफ नावाचं कॅरॅक्टर जातं का? मुळीच नाही! कंट्रोल-डी टर्मिनलला सांगतं, 'आहे तेवढं पुढे ढकल.' ओळीच्या सुरुवातीला दाबलं तर ढकलायला काहीच नसतं. शून्य बाइट मिळाले, म्हणजे संपलं. ओळीच्या मधोमध मात्र दोनदा दाबावं लागतं. करून बघाच! विंडोजवर हेच काम कंट्रोल-झेडचं, आणि ती सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची पुण्याई. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजायचे, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते दाखवायला खूण लागायची.

वाचलेलं कॅरॅक्टर परत करता येतं, माहीत आहे का? अनगेटसी! १२३+ वाचताना आकडा संपला हे कळतं '+' हातात आल्यावरच. मग तो '+' मागे सारायचा. गॅरंटी मात्र एकाच कॅरॅक्टरची.

गेटसीएच म्हटलं की आपल्याकडच्या कित्येक इंजिनिअर मंडळींना टर्बो सीची निळी स्क्रीन आठवते. बोरलंडचा हा कंपायलर १९८७ चा. आउटपुट क्षणात पळू नये म्हणून शेवटी गेटसीएच! एंटर नको, अक्षर उमटणं नको, कुठलीही कळ चालते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर देशभरातल्या पिढ्या शिकल्या, त्यांनाही हे फंक्शन घरचंच. पण सीच्या स्टँडर्डमध्ये ते कधीच नव्हतं. कर्निगन-रिचींच्या पुस्तकातल्या कॅल्क्युलेटरमध्ये याच नावाचं एक फंक्शन आहे, पण ते त्यांनी स्वतः लिहिलेलं, वेगळंच.

आणि आता शोचा व्हिलन, गेट्स! हे फंक्शन अख्खी ओळ वाचायचं, पण तुमच्याकडे जागा किती हे विचारायचंच नाही. गेट सताड उघडं! २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीतून एक वर्म, म्हणजे स्वतःच पसरत जाणारा प्रोग्राम, सोडला. त्याची एक वाट फिंगर नावाच्या सेवेतून जायची. तिथे गेट्ससाठी जागा होती ५१२ बाइटांची, वर्मने पाठवले ५३६. वरचे बाइट सांडले थेट प्रोग्रामच्या परतीच्या पत्त्यावर आणि व्हॅक्स मशीन वर्मच्या ताब्यात! सुमारे ६००० कॉम्प्युटर आडवे झाल्याचा तेव्हाचा अंदाज. मॉरिसचे वडील कोण, माहीत आहे का? ज्या बेल लॅब्जमध्ये सी जन्मली, तिथेच युनिक्सच्या पासवर्डवर काम केलेले रॉबर्ट मॉरिस! मुलगा दोषी ठरला, पुढे एमआयटीतच प्रोफेसर झाला.

गेट्सला स्टँडर्डमधून हाकलायला मात्र २०११ उजाडलं. तब्बल २३ वर्षं! सीचे जनक डेनिस रिची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले आणि डिसेंबरमध्ये गेट्सविना नवं स्टँडर्ड आलं.

तुमच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये गेट्स दडून बसलंय का, आजच शोधा. सापडलं तर काढा आणि एफगेट्स बसवा, त्याला जागा किती ते सांगावंच लागतं. आणि हो, गेटचारचं उत्तर झेलणारं व्हेरिएबल कॅर असेल, तर आत्ताच्या आत्ता इंट करा!