लेकराचं नाव यादीत आहे का? शनिवार पेठेत महापालिका, गावात जिल्हा परिषद. दिव्यांग मुलांच्या शाळेचा जाब कुणाला विचारायचा?

पुणे / प्रतिनिधी :

समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला राजगड (वेल्हे) तालुक्यात शेती बघतो. धाकटा पुण्यात शनिवार पेठेत भाड्याच्या खोलीत राहतो, दुकानात कामाला जातो. थोरल्याची मुलगी आठ वर्षांची, तिला कमी ऐकू येतं. गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलले की तिला काही कळत नाही. तिसरीत आली तरी जोडाक्षर वाचता येत नाही. गावात जो तो एकच सल्ला देतो, "पोरीला काकाकडं ठेवा. पुण्यात सोय असते."

असं घर कोणत्याही तालुक्यात सापडेल. पण या सल्ल्यात दोन प्रश्न राहून जातात. गावच्या शाळेतच तिची सोय करायची जबाबदारी कुणाची होती? आणि ती पार पडली नसेल, तर जाब कुणाला विचारायचा?

हद्द बदलली की जबाबदार बदलतो

शनिवार पेठ पुणे महापालिकेच्या हद्दीत येते. तिथं राहणाऱ्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचं स्थानिक प्राधिकरण म्हणजे महापालिका. नगरसेवक, महापालिकेचा शिक्षण विभाग आणि आयुक्त, अशी ती साखळी.

गावात चित्र वेगळं. प्राथमिक शाळा बहुतेक जिल्हा परिषदेची. केंद्रावर केंद्रप्रमुख, तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी. त्यांच्यावर लक्ष ठेवायला लोकांनी निवडून दिलेले सदस्य. जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, महिला व बालकल्याण समिती असते. पोरांच्या शाळेवर आणि अंगणवाडीवर तिथं प्रश्न विचारता येतात, प्रशासनाकडून उत्तर मागता येतं.

अडचण पुढं आहे. साधी शाळा शिक्षण विभागाकडं. मूकबधिर, अंध, मतिमंद मुलांच्या विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडं. हा स्वतंत्र विभाग राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये झाला, त्याचं आयुक्तालय पुण्यातच आहे. अंगणवाडी महिला व बालविकासकडं, तपासणी आरोग्य खात्याकडं. म्हणजे लेकरू एक आणि खाती चार. बांधावरच्या झाडासारखी गत होते. सावलीला सगळे, पाणी घालायला कुणी नाही.

त्यात मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिका आणि जिल्हा परिषद दोन्हींची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. शाळा चालू राहिल्या, पगार होत राहिले. पण समितीत उभं राहून "माझ्या गटात अशी किती पोरं आहेत आणि त्यांना काय मिळालं?" असं विचारणारा सदस्यच राहिला नाही. या काळात शाळेत गेलेल्या पोरांची ती वर्षं परत येणार नाहीत.

कायदा काय सांगतो?

दोन कायदे लक्षात ठेवायचे.

पहिला, शिक्षण हक्क कायदा २००९. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत आहे ते कलम ९. त्यात स्थानिक प्राधिकरणाचं काम लिहून दिलंय : आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची आणि प्रत्येकाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं यावर लक्ष ठेवायचं. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलांचा समावेश वंचित घटकात झाला. तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकायचा हक्कही मिळाला. मात्र हा हक्क मुलाचा आहे. "याला घरीच ठेवा" असं सांगून शाळेनं हात झटकायचे, असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात स्वमग्नता आहे, आणि डोकं चांगलं असूनही वाचन, लेखन, गणितात अडकणाऱ्या मुलांची अध्ययन अक्षमताही आहे. ज्या पोराला आपण 'ढ' म्हणून सोडून देतो, तोही कदाचित यात बसतो. या कायद्यात काय आहे?

– ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. जवळची साधी शाळा की विशेष शाळा, ही निवड घरच्यांची.
– शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि स्वच्छतागृह वापरता येईल असं ठेवायचं.
– ने-आण करायची सोय बघायची.
– परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती द्यायच्या.
– दर पाच वर्षांनी शाळेतल्या मुलांचं सर्वेक्षण करून दिव्यांग मुलं शोधायची.

सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं. प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक, त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागं एक.

नोंद नाही, तर हिशेब नाही

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पीक पाहणीत कांदा लागला नाही, तर शेतात कांदा असूनही कागदावर रान मोकळंच. नुकसान झालं तर पंचनाम्याला अडचण. शाळेतही तसंच आहे.

प्रत्येक शाळा दरवर्षी यू-डायस प्लस या ऑनलाइन नोंदीत मुलांची माहिती भरते. त्यात विशेष गरजेचं मूल आहे का, कोणत्या प्रकारचं, हा रकाना असतो. मुख्याध्यापकांनी तो रिकामा सोडला, की ती मुलगी सरकारच्या हिशेबात धडधाकट. मग श्रवणयंत्राच्या तपासणी शिबिराला तिचं नाव जात नाही. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलींना महिना २०० रुपये, दहा महिन्यांचे २ हजार प्रोत्साहन भत्ता असतो, तो मिळत नाही. सगळ्यात मोठं म्हणजे तालुक्याला विशेष शिक्षक किती लागतात हे पोरांच्या आकड्यावर ठरतं. आकडाच कमी गेला, तर शिक्षक कुठून येणार?

रकाना रिकामा राहण्यात कधी शाळेची हयगय असते, कधी घरच्यांचाच संकोच. "पोरीच्या लग्नाला अडचण येईल" म्हणून आई-बाप बोलत नाहीत. लग्नाला अजून बारा-पंधरा वर्षं आहेत, आणि वाचायला शिकायचं वय मात्र आत्ता चालू आहे.

प्रमाणपत्र कसं काढायचं?

शाळेत प्रवेशासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. सवलती आणि योजनांसाठी मात्र लागतं. 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करायचा. मोबाईलवर जमत नसेल तर सेवा केंद्रात जायचं. त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. पुणे जिल्ह्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही मोठी ठिकाणं. जाताना आधार कार्ड, फोटो, रहिवासी पुरावा आणि आधीच्या तपासण्यांचे सगळे कागद न्यायचे.

गावातच कुठं कुठं विचारता येतं?

१) अंगणवाडी आणि शाळेची तपासणी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. त्या दिवशी लेकरू शेतावर नको, वर्गात पाहिजे. पथकानं पुढं पाठवायची चिठ्ठी दिली, तर ती जपून ठेवायची.

२) शाळा व्यवस्थापन समिती : हीच सगळ्यात जवळची देखरेख. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची, असं कायदा म्हणतो आणि दिव्यांग मुलं त्या घटकात येतात. म्हणजे अशा मुलीची आई समितीवर बसू शकते. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. उतार, कठडा, विशेष शिक्षकाची भेट या गोष्टी त्या आराखड्यात लिहून घ्यायच्या. नुसतं तोंडी बोलणं इतिवृत्तात येत नाही.

३) ग्रामसभा : ग्रामपंचायतीनं आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. स्वउत्पन्न ४ लाख असेल, तर २० हजार होतात. रक्कम मोठी नाही, पण त्यासाठी ग्रामपंचायतीला गावातल्या दिव्यांगांची यादी करावी लागते. त्या यादीत लहान मुलांची नावं आहेत का, हे बघायचं. बऱ्याचदा यादीत फक्त मोठी माणसं असतात.

४) लेखी तक्रार : शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे करावा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. निर्णय पटला नाही, तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं. शनिवार पेठेतल्या पालकालाही हाच मार्ग. फक्त त्याचा अर्ज महापालिकेकडं जाईल.

मुलगी काकाकडं गेलीच तर?

काही वेळा शहरात जाणं खरंच फायद्याचं असतं. श्रवण तपासणी, वाचा उपचार, मूकबधिर शाळा पुण्यात आहेत. पण नेताना कागद सोबत गेला पाहिजे.

शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ऑनलाइन नाव जुन्या शाळेतून नव्या शाळेत सरकलं का, आणि सरकताना विशेष गरजेचा रकाना तसाच भरलेला राहिला का, हे काकानं नव्या शाळेत विचारून घ्यावं. नाहीतर नाव गावच्या पटावर आणि मुलगी पेठेत, असं होतं. मग जिल्हा परिषद म्हणते ती पुण्यात आहे, आणि महापालिकेला ती माहीतच नसते. गावातल्या आई-बापाला वाटतं, पोरगी शिकतेय.

मुख्याध्यापकांना विचारायचे तीन प्रश्न

यासाठी वकील लागत नाही, पुढारी लागत नाही. पुढच्या वेळी शाळेत जाल, तेव्हा नम्रपणे एवढंच विचारा :

– यू-डायसमध्ये माझ्या मुलाच्या नावापुढं विशेष गरजेचा रकाना भरलाय का? मला दाखवा.
– विशेष शिक्षक आपल्या शाळेत शेवटचे कधी आले होते, आणि आता कधी येणार?
– शाळा व्यवस्थापन समितीत दिव्यांग मुलाचे पालक आहेत का? नसतील, तर पुढच्या निवडीत माझं नाव घ्याल का?

उत्तर मिळालं तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. मिळालं नाही, तर तेच तीन प्रश्न कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.