वररुचीची देवी, लंडनचा पत्ता

ब्रिटिश म्युझियममधल्या, मध्य प्रदेशातल्या धारच्या संगमरवरी देवीचा नोंदणी क्रमांक आहे १९०९,१२२४.१. म्युझियमची रीत ठाऊक असेल तर तो सरळ वाचता येतो: १९०९ साल, २४ डिसेंबर, त्या दिवसाच्या नोंदीतली पहिली वस्तू. मूर्ती वहीत कधी चढली एवढंच हा आकडा सांगतो. ती कोणाची होती आणि धारमधून कशी निघाली, हे शोधायला वेगळे कागद चाळावे लागतात. सुदैवानं सर्वांत जुना कागद दगडाचाच आहे.

मूर्तीच्या पीठावर संस्कृत लेख कोरलेला आहे. संवत १०९१, म्हणजे इसवी सन १०३४. धारच्या गादीवर तेव्हा परमार राजा भोज होता. लेखात त्याचं नाव येतं, पण मूर्ती करवून घेणारा तो नव्हे. तो मान वररुची नावाच्या जैन भक्ताचा. सूत्रधार साहिराचा मुलगा मणथल यानं ती घडवली आणि लेख लिहिला शिवदेवानं. अकराव्या शतकातल्या एका शिल्पाचा दाता, शिल्पी आणि लेखक असे तिघेही नावानिशी भेटावेत, हे भाग्य आपल्याकडच्या फार थोड्या मूर्तींच्या वाट्याला आलं आहे.

यानंतर आठशे वर्षांची उडी मारावी लागते. १८७५ साली धारच्या जुन्या राजवाड्याच्या जागी, पडक्या अवशेषांत ही मूर्ती विल्यम किंकेड या ब्रिटिश अधिकाऱ्याला मिळाली. धार तेव्हा मराठा पवारांचं संस्थान होतं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ते खालसा केलं होतं आणि १८६० मध्ये आनंदराव पवारांना परत दिलं होतं. एकदा संस्थान गमावून बसलेला दरबार गोऱ्या साहेबाला एका भग्न मूर्तीसाठी अडवेल, ही अपेक्षाच भाबडी. कायद्याचाही आधार नव्हता. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा, प्राचीन स्मारकांचा १९०४ चा. आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत.

मूर्ती गेली तेव्हा ती ‘भोजशाळेची सरस्वती’ नव्हती. ती ओळख तिला नंतर चिकटली, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. धार संस्थानात शिक्षणखातं सांभाळणारे काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ मध्ये धारच्या कमाल मौला मशिदीच्या परिसरातल्या स्तंभमंडपात कोरीव शिळा आढळल्या. त्यांतल्या एका शिळेवर ‘पारिजातमंजरी’ हे परमार राजा अर्जुनवर्म्याच्या काळातलं नाटक निघालं. भोजाची पाठशाळा इथेच असावी असं लेल्यांनी मानलं, आणि ‘भोजशाळा’ हे नाव रूढ झालं. पाठशाळा मिळाली; देवी तेवढी हवी होती.

ती १९२४ मध्ये मिळाली. ओ. सी. गांगुली आणि का. ना. दीक्षित यांनी ‘रूपम्’ या कलाविषयक नियतकालिकात लंडनची मूर्ती प्रसिद्ध केली आणि ती भोजाची सरस्वती असल्याचं जाहीर केलं. झिजलेल्या लेखात भोज होता, वाग्देवीही, म्हणजे सरस्वतीही होती. दोन टोकं जुळली आणि राजवाड्याच्या अवशेषांत सापडलेली मूर्ती लोकांच्या मनात भोजशाळेत जाऊन बसली.

पण मूर्तीकडे नीट पाहणाऱ्याला एक गोष्ट खटकावी. पायाशी सिंह आहे. सिंह अंबिकेचा, म्हणजे नेमिनाथ तीर्थंकरांच्या यक्षीचा. १९८० च्या सुमारास हरिवल्लभ भायाणी यांनी लेख पुन्हा वाचला आणि कोडं सुटलं. वररुचीनं आधी वाग्देवी, मग तीन जिनमूर्ती आणि त्यानंतर ही अंबिका करवली, असा लेखाचा आशय. मूर्तिशास्त्राच्या अंगानं किरीट मांकोडी यांनीही तेच दाखवलं. दोन्ही पुरावे एकीकडेच झुकतात आणि म्युझियमही आता तिला अंबिका म्हणतं.

धारमध्ये मागणी आजही ‘वाग्देवी परत आणा’ अशीच आहे. मूर्ती अंबिका ठरली म्हणून ही मागणी निकालात काढणं हा वकिली कावा झाला. ती धारची आहे हे कोणीच नाकारत नाही, आणि जैन दात्याची मूर्ती परत मागण्यात कमीपणा काय? खरी अडचण कायद्याची आहे. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यानं विश्वस्तांचे हात जवळपास बांधले आहेत; संग्रहातली वस्तू त्यांना सहसा देऊन टाकता येत नाही. भारताचा पुरावस्तू कायदा १९७२ चा, युनेस्कोचा करार १९७० चा. दोन्ही मागच्या व्यवहारांना लागू होत नाहीत. उलट ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं २०२१ मध्ये १४ कलाकृती भारताला परत करायचं ठरवलं. त्यांतल्या बहुतेक सुभाष कपूर या विक्रेत्यामार्फत आलेल्या होत्या. तिथे चोरी अलीकडची होती, पावत्या होत्या, फौजदारी तपास होता. किंकेडच्या काळात गेलेल्या मूर्तीला असा कुठलाच धागा नाही.

२०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशानं पुरातत्त्व खात्यानं भोजशाळा-कमाल मौला परिसराचं सर्वेक्षण केलं. अंबिका सापडली ती जागा मात्र राजवाड्याची, गावात दुसरीकडे. वररुचीनं अंबिकेआधी करवलेल्या त्या वाग्देवीची ओळख अजून पटलेली नाही. तिचा शोध घ्यायचाच तर तो १८७५ च्या त्या जागेपासून सुरू करावा लागेल.